तयार वस्तूंसाठी आपण नेमके किती जादा मोजतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातील दोघेही नोकरी करतात, खाण्यापिण्यात चैन नाही, बाहेर जेवणेही क्वचितच होते, तरीही किराण्याचे बिल महिन्यागणिक वाढत चालले आहे. पिशवी रिकामी करताना चिरलेल्या भाज्या, किसलेले चीज, शिजवून डबाबंद केलेली कडधान्ये, एका वेळेपुरती पाकिटे अशा तयार वस्तूच अधिक निघतात. ‘सगळे घरीच करा’ हा सल्ला अनेकांनी दिला, पण तो पंधरा दिवसांच्या पुढे टिकला नाही. तेव्हा यातले काय सोडावे आणि काय निःशंकपणे घेत राहावे?

मोठ्या स्वयंपाकघरांना लागणाऱ्या मालाची खरेदी पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अलीकडे कुटुंबांना घरखर्चाचा मेळ बसवून देण्याचे काम मी करते. या दोन्ही अनुभवांवरून सांगते, की तो सल्ला टिकला नाही यात आपला आळस नाही. तो सल्लाच सरसकट आहे. तयार वस्तू विकत घेताना आपण मूळ जिन्नस आणि त्यावर झालेली मेहनत अशा दोन गोष्टी एकत्र विकत घेत असतो. काही वस्तूंमध्ये ही मेहनत अतिशय स्वस्तात मिळते, तर काहींमध्ये दोन मिनिटांच्या कामाचा आपण असा दर मोजतो, की तो कोणी तोंडाने मागितला असता तर आपण कदापि दिला नसता. दोन्ही प्रकारच्या वस्तू एकाच शेल्फवर शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि पाकिटावर फक्त एकूण किंमत लिहिलेली असते. त्यामुळे दोहोंतला फरक ओळखण्याचे काम ग्राहकाकडेच राहते, आणि एकदा रीत समजली की ते अवघडही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुलना पाकिटाच्या वजनावर न करता प्रत्यक्ष पोटात जाणाऱ्या वजनावर करावी. अख्ख्या भाजीचा दर पाहताना साल, देठ, बी आणि खराब भाग यांचे वजन त्यातून वजा करावे लागते, कारण चिरलेल्या भाजीच्या पाकिटात तो भाग आधीच वगळलेला असतो. गाजर सोलून, टोके कापून साधारण ८० ते ८५ टक्के उरते. फ्लॉवरची पाने आणि दांडा काढला की निम्म्याहून थोडे अधिक हाती लागते. अननस सोलून मधला दांडा काढला की निम्म्याच्या आसपास गर उरतो, आणि शेंगांमधून वाटाणा काढला तर शेंगांच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंतच दाणे मिळतात. हा हिशेब न करता अख्खी वस्तू नेहमीच स्वस्त असे मानणारे लोक काही ठिकाणी स्वतःचीच फसवणूक करून घेतात, हे मी मुद्दाम सांगते, कारण काटकसरीचा उत्साह नवा असताना हेच सर्वाधिक घडते.

दुसरी गोष्ट वेळेची आहे, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एखादे काम ‘चार तासांचे’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यातला हाताचा वेळ किती आणि नुसता घड्याळाचा वेळ किती, हे वेगळे करून पाहिलेले नसते. कडधान्य रात्रभर भिजते, पण त्या रात्री आपण झोपलेले असतो. दही लागायला काही तास लागतात, पण त्यासाठी हात पाच मिनिटेच गुंततात. याउलट लसूण सोलणे, पालेभाजी निवडणे, शेंगा सोलणे या कामांत घड्याळाचा आणि हाताचा वेळ एकच असतो. पैसे वाचवायचे असतील तर फक्त हाताचा वेळ मोजावा. मग तयार वस्तूसाठी मोजलेली जादा रक्कम त्या वाचलेल्या वेळेने भागावी. जो आकडा येईल तो आपण त्या मेहनतीला देत असलेला ताशी दर होय.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील दर केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत; त्यांच्या जागी आपल्या बिलावरील आकडे घालावेत. अख्खे गाजर किलोला १०० आणि चिरलेले गाजर किलोला २५० आहे असे समजू. सोलल्यावर ८२ टक्के उरते असे धरले, तर अख्ख्या गाजराचा खरा दर किलोला सुमारे १२२ पडतो. म्हणजे चिरलेल्या गाजरासाठी किलोमागे १२८ जादा, आणि एका वेळच्या पाव किलोमागे ३२ जादा जातात. पाव किलो गाजर धुऊन, सोलून, चिरायला सवयीच्या हाताला पाच मिनिटे पुरतात. पाच मिनिटांना ३२, म्हणजे तासाला ३८४ झाले. आता हाच हिशेब वाटाण्याला लावून पाहा. शेंगा किलोला ४० आणि गोठवलेले दाणे किलोला ११० असतील तर वरवर पाहता गोठवलेला वाटाणा पावणेतीन पट महाग दिसतो. परंतु एक किलो दाणे मिळवायला अडीच किलो शेंगा लागतात, त्यांची किंमतच १०० होते, आणि त्या सोलायला सहज पाऊण तास जातो. जादा दिलेले १० हे पाऊण तासाच्या मेहनतीचे मोल असेल तर त्या कामाचा ताशी दर तेरा-चौदाच्या वर जात नाही. ज्या घरात चिरलेले गाजर घेतले जाते आणि शेंगा मात्र घरी सोलल्या जातात, त्या घराने नेमके उलटे केले आहे.

हा ताशी दर कशाशी ताडून पाहावा, असे मला नेहमी विचारले जाते. बरेच जण तो आपल्या पगाराच्या ताशी दराशी ताडतात. ते पूर्णपणे बरोबर नाही, कारण संध्याकाळी वाचलेली पाच मिनिटे कोणी आपल्याला पगार देऊन विकत घेणार नसते. शिवाय पगारातून कर आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा केल्यावर हातात पडणारा ताशी दर बराच कमी असतो. माझ्या मते प्रत्येक घराने स्वतःचा एक आकडा ठरवावा: एक तास मोकळा मिळण्यासाठी आपण आनंदाने किती देऊ? तो आकडा एकदा ठरला की बिलातील प्रत्येक तयार वस्तू त्याच्या वर आहे की खाली, एवढेच पाहायचे उरते. घरात तान्हे मूल असेल, कोणाची शुश्रूषा चालू असेल, हाताच्या सांध्यांचे दुखणे असेल, तर तो आकडा मोठा असणे योग्यच आहे. सोललेला लसूण किंवा चिरलेला भोपळा हा अशा घरात अपव्यय ठरत नाही, आणि त्याबद्दल कोणाला अपराधी वाटायला लावणे मला पटत नाही.

या मापाने पाहिले तर कोणत्याही स्वयंपाकघरात सर्वांत आधी हात घालावा अशी वस्तू म्हणजे डबाबंद शिजवलेली कडधान्ये. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे उरतात. हे निथळलेले वजन बहुधा डब्यावरच बारीक अक्षरांत लिहिलेले असते. कोरडे काबुली चणे किंवा राजमा भिजवून शिजवला की वजन सव्वादोन ते अडीच पट होते. याचा अर्थ एका डब्यातला ऐवज जेमतेम १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांचा असतो. एक किलो कोरड्या दाण्यांतून साडेनऊ-दहा डब्यांएवढा माल निघतो. डबा ६० ला आणि कोरडे दाणे २०० ला किलो धरले, इंधनाचे २० धरले, तरी एका खेपेत साडेतीनशेच्या आसपास वाचतात. आणि हाताचा वेळ? निवडणे, धुणे, पाणी बदलणे, शेवटी निथळून वाटे करणे, असे सगळे मिळून वीस मिनिटे. म्हणजे डब्यांच्या रूपाने आपण या कामाला ताशी हजाराहून अधिक दर देत होतो. गाजराच्या ३८४ शी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे कोणत्या सवयीला आधी हात घालायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे काम एकदा नीट बसवले की महिनोन्‌महिने चालते, म्हणून त्याची पद्धत थोडी सविस्तर देते. रात्री एक किलो दाणे भरपूर पाण्यात भिजत घालावेत आणि दर लिटर पाण्यामागे एक मोठा चमचा मीठ घालावे. मिठाने साले मऊ होतात आणि शिजताना कमी फुटतात. सकाळी ते पाणी ओतून द्यावे, दाणे धुवावेत आणि नव्या पाण्यात शिजवावेत. पाणी जड असेल किंवा दाणे जुने असतील तर ते लवकर मऊ होत नाहीत. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असे आंबट पदार्थ दाणे शिजल्यानंतरच घालावेत, कारण आंबटपणामुळे दाणे कडक राहतात. राजम्याच्या बाबतीत एक सावधगिरी अजिबात टाळू नये. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते; त्यामुळे तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे आणि मग मऊ होईपर्यंत शिजवला पाहिजे. मंद आचेच्या विद्युत भांड्यात तो थेट शिजायला टाकणे धोक्याचे आहे, कारण तिथले तापमान हे द्रव्य नष्ट होण्याइतके चढेलच असे नाही. प्रेशर कुकरमध्ये ही अडचण येत नाही.

शिजलेले दाणे निथळून पसरट ताटात लवकर निववावेत. दोन तासांहून अधिक काळ ते बाहेर राहू देऊ नयेत. नंतर एका वेळेला लागेल तेवढा वाटा, म्हणजे साधारण २४० ग्रॅम, पिशवीत भरून पिशवी सपाट करावी आणि फ्रीझरमध्ये एकावर एक रचावी. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि जागाही कमी अडवते. वर तारीख आणि दाण्याचे नाव लिहावे. नुसत्या फ्रीजमध्ये हे दाणे तीन-चार दिवसच चांगले राहतात. फ्रीझरमध्ये काही महिने राहतात. डब्याची खरी सोय कोणती, तर आयत्या वेळी शिजलेले दाणे हाताशी असणे. ती सोय या पिशव्यांनी तशीच मिळते, आणि म्हणूनच हा बदल टिकतो. जो पर्याय आयत्या वेळी हाताशी नसतो तो कितीही स्वस्त असला तरी थकलेल्या संध्याकाळी हरतो, हे मी असंख्य घरांत पाहिले आहे.

किसलेले चीजही याच वर्गात मोडते. दोनशे ग्रॅमचा तुकडा किसायला आणि किसणी धुवायला तीन मिनिटे लागतात. शिवाय किसलेल्या चीजच्या पाकिटात धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी घातलेली असते. त्यामुळे ते वितळताना तितके एकजीव होत नाही. अख्खा तुकडा अधिक टिकतो, कारण हवेला उघडा पडणारा त्याचा पृष्ठभाग कमी असतो. रोज किसणी काढायचा कंटाळा येत असेल तर अख्खा तुकडा एकदाच किसून गोठवून ठेवावा; शिजवायच्या पदार्थांत तो थेट फ्रीझरमधून घालता येतो.

आता मिश्रणांकडे वळते, कारण तिथला जादा दर सहसा लपून राहतो. मसाल्याची तयार मिश्रणे, सूपच्या पुड्या, केक आणि पॅनकेकची पिठे यांच्या पाकिटामागे घटकांची यादी असते आणि अन्नमानकांच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते. यादीत पहिले नाव मिठाचे, साखरेचे किंवा स्टार्चचे असेल तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ, साखर किंवा स्टार्च विकत घेत आहोत, हे उघड आहे. अशा पाकिटातील खरा मसाला किती, हे पहिल्या दोन-तीन नावांवरूनच कळते. जिरे, धने, मिरी, तिखट यांसारखे चार-पाच मूळ मसाले घरात असले आणि त्यांचे प्रमाण एकदा वहीत लिहून ठेवले, तर दहा मिनिटांत महिनाभराचे मिश्रण तयार होते. पॅनकेकच्या पिठात मैदा, साखर, मीठ आणि बेकिंग पावडर यांपलीकडे फारसे काही नसते, आणि दूध, अंडी, लोणी तर आपल्यालाच घालावे लागते. १२५ ग्रॅम मैद्याला दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ एवढ्यावर फुलणारे पीठ तयार होते. कोरडे जिन्नस मोजून बरणीत भरून ठेवले की तेच आपले तयार पाकीट झाले.

सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची गोष्टही अशीच आहे. तीन भाग तेल, एक भाग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, मीठ, मिरी आणि थोडी मोहरीची पेस्ट बरणीत घालून हलवली की ते होते. बाटलीतले तयार ड्रेसिंग उचलण्यापूर्वी तिच्या यादीत पहिले नाव पाण्याचे तर नाही ना, हे पाहावे. घरी करताना एकच पथ्य पाळायचे: कच्चा लसूण घातलेले तेल बाहेर ठेवू नये. हवा न पोहोचणाऱ्या तेलात लसणावरील जंतूंपासून बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते, म्हणून असे तेल फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

मसाला चोळून ठेवलेले मांस आणि मासे घेताना वजनात मसाला आणि पाणीही मोजले जाते का, हे पाहावे. मसाल्याचे पाणी मांसाच्या दराने विकत घेणे हा या यादीतील सर्वांत महाग सौदा असतो.

एका वेळेपुरत्या छोट्या पाकिटांबद्दल फार लिहायला नको, कारण त्यांत मेहनतही नसते. असतो तो केवळ वाटे करण्याचा खर्च आणि पाकिटाचा खर्च. साधे ओट्स आणि एका वेळेच्या पुडीतले ओट्स हे एकच धान्य आहे. पुडीतले अधिक पातळ चेपलेले असते म्हणून दोन-तीन मिनिटे आधी शिजते, आणि त्यात बऱ्याचदा साखर व स्वाद मिसळलेला असतो. फळांच्या स्वादाच्या दह्याच्या कपांऐवजी साध्या दह्याचा मोठा डबा आणि एक फळ घेतले तर साखरही आपल्या हातात राहते. कॉफीच्या कॅप्सूलमध्ये साधारण पाच ते सहा ग्रॅम कॉफी असते. दहा कॅप्सूलच्या खोक्याची किंमत त्यातील ५०-६० ग्रॅम कॉफीवर विभागून पाहिली की किलोमागचा दर डोळ्यांसमोर उभा राहतो. बिस्किटे, सुका मेवा, फळांचे रस यांची छोटी पाकिटे केवळ डब्यात द्यायला सोयीची म्हणून घेतली जातात. मोठे पाकीट आणून रविवारी छोट्या डब्यांत वाटे केले तर तीच सोय मिळते. नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित असेल तिथे बाटलीबंद पाणी आणि घर पुसण्याचे ओले कागदी रुमाल हेही याच मापाने पाहावेत.

इथे एक गंभीर बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. कच्चा माल स्वस्त असतो हे खरे, पण तो नासला की सर्वांत महाग होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के नासाडी घराघरांत झाली. हा आकडा वाचताना आपल्या फ्रीजचा भाज्यांचा कप्पा आठवावा. अख्खा कोबी चिरलेल्या कोबीच्या निम्म्या दरात मिळाला आणि त्यातला अर्धा टाकून द्यावा लागला, तर बचत शून्य झाली आणि चिरण्याची मेहनत वर गेली. म्हणून ज्या वस्तूचा अर्धाअधिक भाग आपल्या घरात नेहमी वाया जातो, ती अख्खी घेण्याचा हट्ट धरू नये. छोटी घ्यावी, गोठवलेली घ्यावी किंवा ती वस्तूच बदलावी. माणसे थोडी असलेल्या घरांत मोठी पाकिटेही याच कारणाने अंगाशी येतात. तेल, सुका मेवा, दळलेले मसाले उघडल्यावर खवट किंवा निःसत्त्व होत जातात. तिथे किलोमागचा दर कमी असला तरी खपाच्या मानानेच आकार निवडावा.

चिरलेल्या भाज्या आणि धुतलेली पालेभाजी यांना हा नासाडीचा मुद्दा दुप्पट लागू होतो. भाजी चिरली की तिच्या पेशी फुटतात, श्वसन वाढते, कडा काळवंडतात आणि ओलसर पृष्ठभागावर जंतू वाढायला वाव मिळतो. त्यामुळे अख्खे गाजर फ्रीजमध्ये काही आठवडे राहते, तर चिरलेल्याचे पाकीट उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याला चिकटपणा येऊ लागतो. म्हणजे या पाकिटांत जादा दर आणि कमी आयुष्य अशी दुहेरी किंमत मोजावी लागते. अपवाद एकच: पाकीट आज घेऊन आजच संपवायचे असेल आणि एरवी बाहेरून जेवण मागवले जाणार असेल, तर ते अवश्य घ्यावे. तुलना नेहमी प्रत्यक्षात घडणाऱ्या पर्यायाशी करावी. चिरलेली भाजी घरच्या भाजीपेक्षा महाग असते, परंतु मागवलेल्या जेवणापेक्षा बहुधा पुष्कळ स्वस्त असते.

यावरून काय घेत राहावे, हेही ठरते. गोठवलेला वाटाणा, पालक आणि मक्याचे दाणे निःशंकपणे घ्यावेत; ते काढणीनंतर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले असतात, त्यात फेकण्यासारखे काही नसते आणि हवे तेवढेच बाहेर काढता येतात. डबाबंद टोमॅटो हंगाम नसताना ताज्याहून स्वस्त आणि चवीला उजवे ठरतात. डबाबंद मासे, साधा पास्ता, साधा ब्रेड यांत यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर केलेली मेहनत इतक्या कमी दरात मिळते, की घरी केल्याने बचत जवळजवळ होत नाही. ब्रेड आवड म्हणून घरी करावा. खर्च वाचवण्यासाठी तिथून सुरुवात करू नये. मी पाहिलेल्या कुटुंबांपैकी ज्यांनी काटकसरीची सुरुवात सर्वांत कष्टाच्या कामापासून केली, ती लवकर थकली आणि मग सोप्या बदलांनाही त्यांनी रामराम ठोकला.

दुकानात उभे असताना एवढा सगळा हिशेब करायची गरज नाही. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशाने विक्रीच्या किमतीबरोबर किलो किंवा लिटरमागचा दर लिहिणे दुकानांना बंधनकारक केले आहे. जिथे असा दर लिहिलेला असतो तिथे नजर आधी त्या बारीक आकड्यावर न्यावी. नसेल तर फोनच्या गणकयंत्रावर किमतीला ग्रॅमने भागून हजाराने गुणावे. तेवढे पाच सेकंदांत होते. फक्त दोन वस्तूंची एकके वेगळी असतील, एकीकडे नग आणि दुसरीकडे ग्रॅम, तर ती आधी सारखी करून घ्यावीत. डबाबंद वस्तूंचा किलोमागचा दर काही ठिकाणी पाण्यासह आणि काही ठिकाणी निथळलेल्या वजनावर दिलेला असतो, तेवढे तपासावे. पाकीट छोटे करून किंमत तीच ठेवण्याची पद्धतही याच आकड्यावरून लक्षात येते.

आपल्या घरासाठी माझी सूचना अशी आहे, की मागच्या चार-पाच खरेदींची बिले एकत्र काढावीत आणि त्यांत वारंवार येणाऱ्या तयार वस्तूंवर खूण करावी. वर्षातून दोनदा आणलेल्या महागड्या केकच्या पिठाने बिल वाढत नाही. दर आठवड्याला येणाऱ्या सहा डब्यांनी आणि तीन पाकिटांनी वाढते. खूण केलेल्या वस्तूंपुढे जादा किंमत आणि हाताचा वेळ असे दोन आकडे लिहावेत, भागाकार करावा आणि सर्वांत वर येणाऱ्या तीनच वस्तू पहिल्या महिन्यात बदलाव्यात. आपण दिलेल्या वर्णनावरून त्या तीन वस्तू कडधान्यांचे डबे, किसलेले चीज आणि एका वेळेपुरती पाकिटे याच असतील असा माझा अंदाज आहे. चिरलेल्या भाज्यांना तूर्त हात लावू नये, कारण कामाच्या दिवशी संध्याकाळी तुम्हा दोघांना खरा आधार त्यांचाच असणार. त्यातही फक्त गाजर, कोबी यांसारख्या टिकाऊ भाज्या अख्ख्या आणून पाहाव्यात, आणि निवडायला वेळखाऊ अशी पालेभाजी व सोललेला लसूण तसाच राहू द्यावा. दुसऱ्या महिन्याचे बिल आले की वाचलेली रक्कम पाहून पुढची वस्तू ठरवावी. फ्रीझरमधल्या पिशव्या संपत आल्या की दाणे भिजत घालायची आठवण फोनवर लावून ठेवावी, म्हणजे त्या आठवड्यात डबे पुन्हा पिशवीत येणार नाहीत.